साडूचा कॉलम

९ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प. थोडा उशीर झाला, कारण पहिला आठवडा कुठला संकल्प करावा या विचारातच गेला. घाईघाईने केलेले संकल्प टिकत नाहीत, हे मी दरवर्षी स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलं आहे.

तर संकल्प असा: व्हेंचर कॅपिटल आणि डेटा सायन्स यांची सांगड घालून नवं करिअर उभं करायचं. म्हणजे कुठल्या नव्या कंपनीत पैसे घालायचे आणि कुठल्या कंपनीला दारातूनच नमस्कार करायचा, हे माणसाने नाही, गणिताने ठरवायचं. गणित माझं. पैसे इतरांचे.

या संकल्पाचा कालच्या जेवणाशी काडीचाही संबंध नाही. काल मेव्हणीने सगळ्यांना घरी बोलावलं होतं, कारण तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, त्याच्या फंडात पार्टनर झाला. हा माणूस काही वर्षांपूर्वी गाद्या विकायचा. गाद्या! आता लोक त्याच्याकडे नव्या कंपन्यांच्या कल्पना घेऊन येतात, तो त्यातल्या काही निवडतो, फंड त्यात पैसे घालतो आणि त्या कंपन्या चालतात. कसं काय जमतं, असं विचारलं तर म्हणाला, दादा, मी आपला माणूस बघतो. माणूस बघतो म्हणे. मी अठरा वर्षं आकडे बघतोय. हा एक्सेल उघडून बसतो आणि बेरीज करायला खिशातून कॅल्क्युलेटर काढतो. मी स्वतः पाहिलंय.

सासूबाई म्हणाल्या, धाकट्या जावयांनी नाव काढलं हो. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मला हेवा वाटत नाही. फक्त त्याच्या नव्या सोफ्यावर बसल्यापासून पाठ धरली आहे.

१० जानेवारी

तो सोफा आपल्या हॉलमध्ये मावणार नाही. टेप घेऊन मोजलं.

१५ जानेवारी

ऑफिस. मी दुकानांच्या एका मोठ्या साखळीत डेटाच्या खात्यात आहे. कुठल्या शाखेत पुढच्या आठवड्यात किती साबण खपेल याचा अंदाज मी काढतो. हीच बुद्धी मी कंपन्यांवर खर्च केली असती तर आज साडू माझ्या केबिनबाहेर बसून राहिला असता. फरक फक्त मालाचा. साबणही विरघळतो आणि नव्या कंपन्याही विरघळतात. (वाक्य चांगलं आहे. मुलाखतीत वापरणे.)

टाइमटेबल: मार्चपर्यंत मॉडेल तयार. जूनमध्ये फंडात नोकरी. ऑगस्टमध्ये पार्टनर. वर्षअखेरीस साडू मला रिपोर्ट करतो. सप्टेंबर विश्रांतीसाठी मोकळा ठेवला आहे.

२४ जानेवारी

घबाड मिळालं. साडूच्या फंडाने त्यांच्याकडे आलेल्या जुन्या अर्जांची सगळी माहिती, कंपन्यांची नावं गाळून, अभ्यासकांसाठी खुली केली आहे. किती भोळी माणसं! म्हणजे मला त्यांच्याच मालावर त्यांना हरवता येईल.

तक्ता असा आहे. एका ओळीत एक कंपनी. पुढच्या कॉलमांत तिची सगळी अंडीपिल्ली: मालकाचं वय, अनुभव, कामाची जागा, कामगार किती, हिशेब कोण बघतं, घरचा पाठिंबा कितपत, अर्जाच्या पहिल्या पानावरचा मजकूर, फंडातल्या कोणी निवडली. शेवटच्या कॉलमात निकाल: चालली की बुडाली. मशीन हे सगळं वाचून आपलं आपण शिकतं, आणि मग नवी कंपनी समोर ठेवली की तिला शंभरपैकी मार्क देतं. मी मशीनचं नाव ठेवलंय 'जोहरी'.

नाव ठेवत होतो तेवढ्यात बायको आली. पाच मिनिटं आहेत का, म्हणाली. ती हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांचा एक हात चालत नाही, त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, बायको नाहीतर मुलगी लावून देते, आणि मोठमोठी माणसं त्या वेळी दुसरीकडे बघत उभी राहतात, असं काहीसं सांगत होती. म्हणून तिने एक शर्ट शिवलाय. वरून बटणं दिसतात, पण ती नुसती शोभेची. आत लोहचुंबक. दोन्ही बाजू जवळ आणल्या की झालं.

मी म्हणालो, छान, माणसाला काहीतरी छंद हवाच.

तिने शर्टाची घडी घातली. मग गेली. बहुतेक तिला बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

सासूबाई राहायला आल्या आहेत, शिलाई मशीनसकट. जेवणाच्या टेबलावर शर्टांचा ढीग. मी लॅपटॉप कुठे ठेवायचा? शेवटी ढिगावरच ठेवला.

विचित्र प्रकार. काम ऐन रंगात आलं की लॅपटॉपचा पडदा काळा होतो. झोपतोच एकदम. उचलून सोफ्यावर नेला की जागा होतो. पुन्हा टेबलावर आणला की पुन्हा झोप.

रविवारी साडू याच टेबलावर बसला होता. काय दादा, काय नवीन चाललंय, असं मला सहज विचारल्यासारखं विचारत होता. सगळा उलगडा झाला. कोणीतरी बाहेरून माझ्या मशीनमध्ये शिरतंय. ज्याला बेरीज येत नाही तो हे करू शकेल का, अशी एक शंका आली. पण माणसं ठेवली असतील. त्याला आता परवडतं.

पासवर्ड बदलला. कोणाच्या बापालाही ओळखता येणार नाही असा ठेवला.

४ फेब्रुवारी

पासवर्ड आठवत नाही.

१७ फेब्रुवारी

जोहरी चालला!! जुन्या कंपन्यांपैकी काही त्याच्यापासून लपवून ठेवल्या होत्या. त्यातल्या कुठल्या चालल्या आणि कुठल्या बुडाल्या हे त्याने शंभरातून शहाण्णव वेळा बरोबर सांगितलं. शहाण्णव! साबणात माझी मजल साठाच्या वर कधी गेली नाही.

आनंदाने हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. सासूबाईंनी मशीन थांबवून विचारलं, पोट बिघडलंय का. त्यांना काय सांगणार? धाकट्या जावयांना सांगा म्हणावं, दिवस भरले.

१८ फेब्रुवारी

आज जोहरी नेमका कशाच्या जोरावर ओळखतो ते उघडून बघितलं. कुठल्या कॉलमला किती महत्त्व देतो ते तो क्रमाने दाखवतो.

पहिला नंबर: 'फंडातल्या कोणी निवडली' हा कॉलम. आणि त्यातही एकच नाव.

साडू.

साडूने निवडली असेल तर कंपनी चालते. बाकी वय, शिक्षण, अनुभव सगळं त्याच्यापुढे पाणी कम. हे माझं मशीन, माझ्या घरात, माझ्या विजेवर चालून मला सांगतंय. तळपायाची आग मस्तकात गेली. आपणच सांभाळावं आणि त्याने शेजाऱ्याचे गोडवे गावेत, तसं झालं.

कॉलम उडवला.

जेवताना बायको म्हणाली, आज भाऊजींचा फोन होता. मी ताट तसंच ठेवून उठलो. कारण विचारलं तर पाठ सांगितली.

२५ फेब्रुवारी

शहाण्णवावरून एक्याऐंशी. हरकत नाही. प्रामाणिक एक्याऐंशी आहेत.

पण जोहरी महा बिलंदर. कॉलम उडवला तरी त्याने साडूला दुसऱ्या दाराने आत घेतलं. आता त्याची भिस्त 'हिशेब कोण बघतं' या कॉलमवर. चौकशी केली. साडू ज्यांना मदत करतो त्या सगळ्यांना तो एकाच अकाउंटंट बाईंकडे पाठवतो. उडवला तोही कॉलम.

२७ फेब्रुवारी

तिसरं दार सापडलं. साडूची एक खोड आहे. त्याच्याकडे सल्ला मागायला आलेल्याला तो अर्जाच्या पहिल्याच पानावर एक वाक्य लिहायला लावतो: आमचा माल कोणाला नको आहे. आधी हे लिहा, मग कोणाला हवाय ते लिहा, म्हणतो. गादीवाल्याचं डोकं. जोहरीने तेवढंसं वाक्य हुंगून काढलं. हे वाक्य असेल तिथे मार्कांची खैरात.

हेही उडवलं. आता बासष्ट. सगळा साडू काढून टाकल्यावर बासष्टच उरतात, असा याचा अर्थ कोणी कोता माणूस काढेल. मी काढणार नाही.

४ मार्च

आंघोळ करताना कल्पना सुचली. उडवायचं कशाला? उणे करायचं!

साडूचं यश म्हणजे निव्वळ नशीब. नशीब कायम टिकत नाही. तेव्हा ज्या ज्या गोष्टीला साडूचा वास येतो, त्या त्या गोष्टीचे मार्क वाढवायचे नाहीत, कापायचे. त्या अकाउंटंट बाई दिसल्या की काप. ते वाक्य दिसलं की आणखी काप. याला शास्त्रात दुरुस्ती म्हणतात. म्हणत नसतील तर यापुढे म्हणतील.

कापताना जिवाला इतकं बरं वाटलं की दोन-तीन वेळा जास्तच कापलं.

मग नियमाप्रमाणे टक्केवारी काढून बघणार होतो, पण टेबलावर लॅपटॉप झोपला. असो. दर वेळी टक्केवारी काढत बसणं हा आत्मविश्वास नसल्याचा प्रकार आहे.

११ मार्च

साहेबांनी बोलावलं. एका शाखेत साबणाचा कण उरला नाही आणि दुसऱ्या शाखेत इतका आला की कर्मचारी खोक्यांवर बसून जेवताहेत, असं म्हणाले. लक्ष कुठे असतं हल्ली, असं विचारलं.

माझी प्रगती साहेबांच्या डोळ्यात खुपायला लागली आहे. हेवा फार वाईट. माणूस आतून पोखरला जातो. मला साहेबांची कीव आली.

१९ मार्च

बायको हल्ली फोन घेऊन गॅलरीत जाते. आज पडद्याआडून ऐकलं. म्हणाली, भाऊजी, नंतर बोलते, तो आलाय.

तो म्हणजे मी.

याचा एकच अर्थ होतो. साडूला जोहरी हवाय, आणि तो तिच्यामार्फत मागे लागलाय. सख्ख्या बायकोला फितवायचं म्हणजे हद्द झाली. मी काही कळल्याचं दाखवलं नाही. अगदी सहज विचारलं, काय म्हणत होते भाऊजी? तर म्हणाली, गेले कित्येक दिवस तेच तर सांगायचंय तुला, बस ना जरा. मी म्हटलं, रविवारी.

रविवारी मला काम होतं.

२ एप्रिल

अर्ज पाठवला. कुठे, तर साडूच्याच फंडात! त्याच्या घरात शिरून त्याला हरवायचं. त्याला ओलांडून थेट मोठ्या मॅडमना लिहिलं. फंड त्यांचा. तिथे त्यांचा शब्द शेवटचा. पहिलंच वाक्य टाकलं: साबणही विरघळतो आणि नव्या कंपन्याही विरघळतात.

बायको पण काहीतरी लिहीत बसली होती. मध्येच तिने विचारलं, घरचा पाठिंबा कितपत, या पुढे काय लिहू? हॉस्पिटलमध्ये पेशंटांचे असले तक्ते भरावे लागतात तिला. मी मान वर न करता म्हटलं, लिही, पूर्ण. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, अगं लिही ना बाई, मला इथे काम आहे.

२८ एप्रिल

मॅडमचं उत्तर आलं. ५ जूनला मुलाखत. पद्धत अशी की ते दहा खरे अर्ज देणार, नावं आणि माल झाकलेला. उमेदवाराने ते सगळ्यांसमोर क्रमाने लावायचे आणि त्या क्रमाची बाजू मांडायची. फंडाने स्वतः लावलेला क्रम शेवटी उघडणार.

म्हणजे जोहरीसाठी लाल गालिचाच की!

संध्याकाळी साडूचा फोन. दादा, ऑल द बेस्ट, मनापासून. याला कसं कळलं? मी कोणालाही सांगितलेलं नाही. हेरगिरीचा आणखी एक पुरावा. वर म्हणतो, काही मदत लागली तर सांग. मी म्हटलं, तुझा कॅल्क्युलेटर दे. तो खूप हसला. राग कसा येत नाही या माणसाला, हे मला कळत नाही. याचाच राग येतो.

१६ मे

बायकोने हॉस्पिटलची नोकरी सोडायचं ठरवलंय. शर्टांचं मोठ्या प्रमाणावर बघायचंय म्हणे. म्हणाली, तुझी नोकरी पक्की आहे म्हणूनच हे धाडस करतेय, वर्षभर एका पगारात भागेल ना? मी म्हटलं, मजेत भागेल. मनात फंडाचा पगार होता.

किती विश्वास आहे तिचा माझ्यावर! मुलाखतीनंतर तिच्या शर्टांसाठी थोडा वेळ काढायचा असं ठरवलंय. सप्टेंबर मोकळा आहेच.

२२ मे

राजीनामा दिला. मुलाखतीच्या आधी द्यावा की नंतर, यावर विचार केला. नंतर देणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. एक दार बंद केल्याशिवाय माणूस दुसऱ्यातून आत जात नाही.

साहेबांचे डोळे पाणावले. बराच वेळ माझा हात सोडत नव्हते. घाईघाईने लगेच सही केली, बहुधा भावना आवरण्यासाठी.

घरी सांगितलं नाही. एकदम पार्टनरचंच सांगू.

५ जून, सकाळ

आज. बायकोने नवा शर्ट काढून ठेवलाय. झकास बसतो. बटणं कधी लागली कळलंही नाही. एका हातात चहाचा कप होता, तरी.

तिला मुलाखतीचं साडूकडून कळलं असणार. तिलाही आज एक महत्त्वाचा फोन यायचाय म्हणे. मी म्हटलं, बरं बरं.

५ जून, दुपार. फंडाच्या इमारतीखालच्या कॉफीच्या दुकानात

जसं घडलं तसं लिहितो.

काचेची खोली. समोर मोठ्या मॅडम, पांढरे केस, चष्मा साखळीला. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सहकारी. आणि कोपऱ्यात साडू. कामाला सुरुवात होणार तेवढ्यात साडू उठला आणि म्हणाला, यादीतल्या एका अर्जाशी माझं नातं आहे, माझं इथे असणं बरोबर नाही, मी बाहेर थांबतो. गेला. मला वाटलं, घाबरला.

मी दहाही अर्ज जोहरीला दिले. मधेच लॅपटॉप झोपला. जागा केला, पुन्हा झोपला. मी मनगटं टेकवून टाइप करायला बसलो की झोपतोय. मॅडमनी भुवया वर केल्या. मी म्हणालो, ही माझी सुरक्षा व्यवस्था आहे, परक्या ठिकाणी ती आपोआप सावध होते. शेवटी हात हवेत धरून, पेटी वाजवल्यासारखं टाइप केलं, तेव्हा क्रम आला.

पहिल्या तीन कंपन्यांबद्दल बोललो. बरं बोललो. साबणाचं वाक्य टाकलं. एक सहकारी हसला. मग मॅडमनी विचारलं, सातव्या नंबरच्या अर्जाला तुमच्या मशीनने अगदी तळाला का टाकलं?

इथे मी रंगात आलो. अर्जात ते वाक्य होतं: आमचा माल कोणाला नको आहे. अकाउंटंटही त्याच बाई. साडूचा वास मला खोलीभर यायला लागला. त्याचंच कोणीतरी नात्यातलं असणार, मागच्या दाराने घुसवलेलं. मी म्हणालो, मॅडम, बघा तरी. मालक बाई, धंद्याचा अनुभव शून्य. कामाची जागा: जेवणाचं टेबल. कामगार एक, वय बहात्तर. लहान मुलांना राबवतात हे ऐकलं होतं, हा तर उलटाच प्रकार. यावर दोघे सहकारी हसले, म्हणून मला आणखी चेव आला. म्हणालो, आणि सगळ्यांत संशयास्पद कॉलम कुठला, तर घरचा पाठिंबा. लिहिलंय, पूर्ण. हे धडधडीत खोटं आहे. टेबलावर माल, घरात म्हातारी राबतेय, आणि नवऱ्याचा पूर्ण पाठिंबा? मी अशा नवऱ्यांना ओळखतो. त्याने मान वर करून बघितलंही नसेल. लिही काय ते, म्हणाला असेल. ज्या बाईला घरातला माणूस ओळखता येत नाही ती गिऱ्हाईक काय ओळखणार?

आणि जोर यावा म्हणून दोन्ही हात टेबलावर आपटले. लॅपटॉप झोपला.

मॅडम जागेवरून उठल्या. माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, हात बघू. मला वाटलं अभिनंदन करताहेत. त्यांनी माझ्या बाहीचं टोक धरून बटणापाशी ओढलं. बाही टचकन उघडली. सोडली, तर आपली आपण मिटली. त्यांनी तीनदा उघडमीट केली, लहान मुलीसारखी. म्हणाल्या, लोहचुंबक आहे, त्यानेच झोपतोय तुमचा लॅपटॉप. मग म्हणाल्या, तुम्ही सातवा नंबर अंगात घालून आला आहात.

मला आधी काही कळलं नाही. मग जेवणाचं टेबल कळलं. मग बहात्तर वर्षांची कामगार कळली. मग सगळ्यांत शेवटी, पूर्ण हा शब्द कळला.

मॅडमनी फंडाचा क्रम उघडला. सात नंबर पहिला. माझा पहिला त्यांचा दहावा, माझा दुसरा त्यांचा नववा, असं करत करत बरोबर उलटा. एकही चूक नाही. त्या म्हणाल्या, इतकं अचूक मशीन आम्ही आजवर बघितलं नाही, फक्त उलटं धरावं लागतं.

खोटं कशाला लिहू, मला तेवढ्यातही आशा वाटली. म्हणालो, मग उलटं धरून वापरता येईल की, मॅडम! त्या खूप समजुतीने म्हणाल्या, येईल, पण हे उलटं धरलं की तुमचे साडू होतात, आणि ते आमच्याकडे आहेतच.

बाहेर साडू दोन कॉफ्या घेऊन उभा. आत काय झालं ते त्याला ऐकू गेलं नव्हतं. दादा, कसं झालं? मी मॅडमना सांगून ठेवलं होतं, आकड्यांत दादासारखा खोल शिरणारा माणूस मी बघितला नाही.

म्हणजे मुलाखतही त्यानेच मिळवून दिली. कॉफी घेतली. साखर बरोबर होती, हेही त्याला माहीत. मला या माणसाचा आयुष्यात इतका हेवा कधी वाटला नव्हता. लिहून टाकलं. हेवाच.

५ जून, संध्याकाळ

दार बायकोने उघडलं. फोन येऊन गेला होता. तिची निवड झाली. सासूबाई मशीनवर बसून एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होत्या. बायको म्हणाली, सगळ्यांत आधी तुला सांगायचं होतं, म्हणून बहिणीचाही फोन घेतला नाही.

मी म्हणालो, त्या पाठिंब्याच्या कॉलममध्ये तू पूर्ण असं का लिहिलंस?

ती म्हणाली, तू न ऐकता बोललास हे कळत होतं मला. पण दुसरं काही लिहायला हात होईना.

मग म्हणाली, आता वर्षभर तुझ्या पगारावर भार, हं. आणि हसली.

राजीनाम्याचं उद्या सांगतो.

९ जून

सांगितलं नाही. त्याआधी साहेबांना भेटून राजीनामा परत घेता येतो का बघावं म्हटलं. साहेब प्रेमाने बोलले. म्हणाले, तुमच्या जागी कोणाला घेतलेलंच नाही. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात जितका साबण खपला तितकाच या वर्षी पाठवतो. उत्तम चाललंय.

११ जून

सांगितलं. सासूबाईंनी मशीन थांबवलं आणि या वेळी सरळ माझ्याकडे बघितलं. मग बायको म्हणाली, मला आधी विचारायचं तरी होतंस. आणि हॉस्पिटलमध्ये सकाळचे दोन-तीन तास पुन्हा मिळतात का, हे विचारायला फोन लावला.

तिच्या बाजूला बसून राहिलो. लॅपटॉप उघडला नाही.

१ जुलै

नवा संकल्प: बायकोच्या कंपनीत नोकरी करणे. कुठल्या मापाचे किती शर्ट खपतील याचा अंदाज काढायला तिला माणूस हवाच आहे. हे काम म्हणजे साबणच, फक्त याला बाह्या आहेत. मी विचारलं तर ती म्हणाली, मला चालेल, आणि मान वर करून, माझ्याकडे बघून म्हणाली. पण फंडाचा नियम आहे. मालकाचा नातेवाईक नोकरीला ठेवायचा असेल तर फंडाने नेमून दिलेल्या माणसाची परवानगी लागते.

नेमून दिलेला माणूस कोण ते लिहायला नको. मुलाखत त्याच्या घरीच. मेव्हणी बाजारात गेली होती. मी त्या सोफ्यावर बसलो. मी अठरा वर्षांच्या कामाची फाइल पुढे केली, आलेख रंगीत छापून नेले होते. त्याने फाइल न उघडता बाजूला ठेवली. म्हणाला, दादा, तुला माहीतच आहे, मी आपला माणूस बघतो.

आणि माझ्याकडे बघत बसला.

काम होईल असं वाटतं. माणसं ओळखण्याची त्याची पद्धत तशी शास्त्रीयच आहे, आणि शहाण्णव टक्के बरोबर येते हे तर मीच सिद्ध केलंय. मी पाठ ताठ ठेवली. बाही नीट मिटली आहे ना, ते चाचपलं. त्याने खूप वेळ बघितलं.

मग म्हणाला, दादा, विचार करून कळवतो.